संकेतस्थळ तुमचे, किल्ली भाच्याकडे

बडोद्याच्या रावपुरा भागातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. गेली एकोणीस वर्षे त्या संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने आणि लग्नसराईत रुखवताचे सामान घरी तयार करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या भाच्याने हौसेने त्यांना एक संकेतस्थळ उघडून दिले, त्यावर इंग्रजीतून अकरा लेख लिहिले, आणि नंतर नोकरीनिमित्त तो कॅनडाला गेला. दरवर्षीचे पैसे तोच भरतो, पासवर्डही त्याच्याकडेच आहे. स्थळावर वाचक फिरकत नाहीत. प्रतिक्रिया येतात त्या परदेशी औषधांच्या जाहिरातींच्या. मुलगी म्हणते, "बंद कर, इन्स्टाग्राम पुरे आहे." जाऊबाई म्हणतात, "कृती लिहिलीस तर उद्या गल्लीत घरोघरी दागिने होतील." त्यांचे स्वतःचे म्हणणे असे, की आपल्याला लिहिता येत नाही आणि इंग्रजी तर मुळीच येत नाही. स्थळ बंद करावे की नव्याने लिहायला घ्यावे, घेतले तर कोणत्या भाषेत, काय आणि किती, असे त्यांनी विचारले आहे. शेवटी एक छोटा प्रश्नही आहे: स्थळाच्या नावात 'बडोदा' असावे की 'वडोदरा'?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. मागच्या वर्षी नवे फोटो का काढले नाहीत हे सांगताना तुम्ही सहज लिहून गेला आहात: "डिसेंबरात आभाळ आले की मी परात काढतच नाही, कारण त्या हवेत पाक कितीही जपून घातला तरी काटा बसतो." (काटा म्हणजे हलव्याच्या दाण्यावर उठणारी साखरेची बारीक टोके; काटा बसतो म्हणजे ती उठत नाहीत, दबून जातात.) तुमचे संकेतस्थळही मी उघडून पाहिले. त्यावरच्या पहिल्या लेखात उत्तम दर्जा, वाजवी दर आणि हाताने घडवलेली अनोखी भेट अशा अर्थाची इंग्रजी वाक्ये आहेत. व्याकरण निर्दोष आहे, पण तीच वाक्ये उदबत्तीला लावली तरी चालतील आणि लाकडी पाळण्याला लावली तरी खटकणार नाहीत. भाच्याने प्रेमाने केलेल्या कामाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र ज्याने कधी परातीतला हलवा बोटांनी फिरवलेला नाही, त्याने हलव्यावर लिहिले की असेच होणार. काटा बसतो हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार? तेव्हा लिहिता येत नाही हे तुमचे म्हणणे मला मान्य नाही, आणि पुढचे सारे उत्तर ते अमान्य धरूनच लिहिते आहे.

"कोणी वाचत नाही" हेही जरा तपासून पाहू. मार्गशीर्ष लागला की फोन थांबत नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. दागिने किती दिवस आधी सांगावे लागतात, त्यांना मुंग्या लागतात का, घामाने साडीला चिकटतात का, बोरन्हाणात बाळाने मुकुट तोंडात घातला तर काय करावे, पुढच्या वर्षी धाकट्या जावेला तेच वापरता येतील का, असे प्रश्न तुम्हाला दर हंगामात येतात, आणि प्रत्येकीला तुम्ही दहा-पंधरा मिनिटे समजावून सांगता. म्हणजे वाचक आहेत, त्यांचे प्रश्न आहेत आणि तुमच्याकडे उत्तरेही आहेत. ती फक्त फोनवर बोलून विरून जातात. एक साधी वही करा. येत्या हंगामात जो प्रश्न येईल तो विचारणारीच्याच शब्दांत तिच्यात टिपून ठेवा; मागच्या वर्षीचे आठवतील तेवढे आजच लिहा. जो प्रश्न तिसऱ्यांदा येईल त्याचे एक पान संकेतस्थळावर झाले पाहिजे, आणि त्या पानाचे शीर्षक तो प्रश्नच असावा. 'आमच्या आगळ्यावेगळ्या निर्मिती' असे कोणी शोधत नाही. 'हलव्याच्या दागिन्यांना मुंग्या लागू नयेत म्हणून काय करावे' असे मात्र नवी नवरी, तिची आई आणि तिची सासू अशा तिघीही शोधतात.

उत्तरे लिहिताना फोनवर सांगता तितकेच स्पष्ट लिहा. बाळाच्या तोंडाच्या प्रश्नावर तर अधिकच. कोणता दागिना केवळ दोऱ्यात गाठी मारून ओवलेला आहे आणि कोणता पुठ्ठ्यावर गोंदाने व सोनेरी कागदाने चिकटवलेला आहे हे ठळकपणे सांगा. चिकटवलेला दागिना खाण्यासाठी नाही आणि सुटा दाणा लहान बाळाच्या घशात अडकू शकतो, हेही लिहा. विक्रीला बाधा येईल म्हणून हे वाक्य गाळावेसे वाटेल, पण गाळू नका. ज्या आईने ते वाचले ती ऑर्डर रद्द करत नाही, बाळासाठी ओवलेला हार मागते.

लिहिण्याआधी मात्र एक कोरडे, कंटाळवाणे काम आहे आणि ते या आठवड्यातच उरकायला हवे. संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळते, आणि ते ज्याच्या नावाने व ज्याच्या ईमेलने नोंदलेले असते त्याचे असते. आज ते तुमचे नाही, भाच्याचे आहे. तो बदलला आहे असे मी म्हणत नाही. पण त्याचे कार्ड बदलेल, जुना ईमेल तो पाहीनासा होईल, मुदत संपल्याच्या सूचना तिकडेच पडून राहतील. मुदत संपली की काही दिवसांची सवलत असते, त्यानंतर नाव सोडवायला जास्त पैसे पडतात, आणि तीही वेळ टळली की ते नाव कोणीही घेऊ शकतो. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या विणकामाच्या नमुन्यांचे एक स्थळ होते. नूतनीकरणाच्या सूचना मी वापरत नसलेल्या ईमेलवर येत राहिल्या, आणि एके दिवशी मैत्रिणीने विचारले की तू आता सट्ट्याच्या जाहिराती करतेस का. माझ्या नावाच्या पत्त्यावर कोणीतरी जुगाराचे पान थाटले होते. ते नाव मला परत मिळाले नाही.

म्हणून रविवारी, त्याच्या सवडीची वेळ पाहून, भाच्याला व्हिडिओ कॉल करा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. जिथे डोमेन नोंदले आहे तिथे नोंदणीधारक म्हणून तुमचे नाव आणि तुमचा ईमेल घालायचा. होस्टिंगचे, म्हणजे ज्या जागेवर पाने साठवली आहेत तिचे, खाते तुमच्या ताब्यात घ्यायचे. आणि वर्डप्रेसमध्ये, म्हणजे तुमचे स्थळ ज्या प्रणालीवर चालते तिच्यात, तुम्हाला केवळ लेखक म्हणून न ठेवता प्रशासक करायचे. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवलात तरी माझी हरकत नाही; तो कोणाच्या तरी आठवणीत असण्यापेक्षा ते बरे. नूतनीकरणाची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहा. पहिल्या वर्षीचा दर सवलतीचा असतो आणि दुसऱ्या वर्षी तो चढतो, हेही ध्यानात ठेवा.

यात आणखी एक अडचण आहे, ती तुम्ही लिहिली नसली तरी मला दिसली. तुमचे स्थळ वर्डप्रेसवर, भाड्याच्या जागेवर उभे आहे. वर्डप्रेस ही २००३ पासूनची उत्तम, मोफत प्रणाली आहे, पण अशा प्रकारे चालवली की तिची देखभाल आपल्या गळ्यात पडते. तिची आणि तिच्यावर बसवलेल्या प्लगिनांची, म्हणजे जोडसोयींची, अद्यतने वेळच्या वेळी केली नाहीत, तर कोणी ना कोणी आत शिरतो. त्या औषधांच्या प्रतिक्रिया म्हणजे स्थळाकडे कोणी लक्ष देत नसल्याची पहिली खूण समजा. हे काम पाहणारे घरात कोणी नसेल, तर देखभाल ज्यांच्याकडे राहते अशा सेवेवर बिऱ्हाड हलवलेले बरे. गूगलचे ब्लॉगर मोफत आहे आणि त्याला स्वतःचे डोमेन जोडता येते. ते दिसायला साधे आहे, पण तुमच्या कामाला पुरेसे आहे. वर्डप्रेसचीच, देखभालीसह मिळणारी सशुल्क सेवाही आहे. तुमच्या जागी मी असते तर डोमेन कधीही सोडले नसते आणि जागा मात्र साधीतली साधी घेतली असती. हलवण्यापूर्वी वर्डप्रेसच्या 'टूल्स'मधून 'एक्स्पोर्ट' करून सर्व मजकुराची फाइल उतरवून घ्या. त्या फाइलीत फोटो येत नाहीत, ते वेगळे पेनड्राइव्हवर काढावे लागतात. ही गोष्ट अनेकींना फोटो गेल्यावर कळते.

आता मुलीचे म्हणणे. ती चुकीचे सांगते असे नाही. काळ्या चंद्रकळेवर पांढरा शुभ्र तन्मणी इन्स्टाग्रामवर जितका खुलतो तितका तुमच्या पानावर खुलणार नाही, आणि नव्या मुली तिथेच आहेत. परंतु दोन वर्षांपूर्वीचा तिथला व्हिडिओ शोधून काढायला तुम्हाला स्वतःला किती वेळ लागतो ते पाहा. शिवाय ती जागा परक्याची आहे. ऑर्कुट हे एकेकाळचे समाजमाध्यम सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि त्यावर मन लावून काम करणाऱ्या कितीतरी हस्तकलावाल्यांचे जमलेले पाहणारे एका रात्रीत गेले. म्हणून इन्स्टाग्रामवर दाखवावे आणि संकेतस्थळावर सांगावे, अशी वाटणी मला योग्य वाटते. तिथल्या आपल्या माहितीत स्थळाचा दुवा द्या. कोणी खाली प्रश्न विचारला की त्या प्रश्नाच्या पानाचा दुवा पाठवा. मुलीला मोडीत काढू नका, व्हिडिओ तिच्याकडेच सोपवा.

भाषेबद्दल मी जरा हट्टाने लिहिणार आहे. इंग्रजी ही संकेतस्थळाची अट आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. पण हलव्याचे दागिने कोण घेते? बडोद्यातली, सुरतेतली, पुण्यातली मराठी घरे, आणि न्यू जर्सीत पहिली संक्रांत करणारी मराठी मुलगी. तिला काटा हा शब्द इंग्रजीत समजावून सांगावा लागेल. मराठीत तिची आई सांगेल. आपल्या शहराला हा वाद नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, तेव्हा कारागिरांच्या मुलांना धंदेशिक्षण त्यांच्या भाषेतूनच मिळाले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. तुम्ही दांडिया बाजारात जशी मराठी बोलता तशी लिहा. मध्येच एखादा गुजराती शब्द आला तर तो काढू नका, त्यावरूनच हे बडोद्याचे आहे हे कळते.

तरीही व्यवहारात दोन-तीन गोष्टी पाळाव्या लागतात. परदेशी वाढलेल्या मुली मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी चार ओळींचा इंग्रजी सारांश द्या आणि त्यात 'हलव्याचे दागिने' हे शब्द रोमन अक्षरांत एकदा येऊ द्या. तेवढे भाच्याकडून लिहून घ्या, त्यालाही बरे वाटेल. पानाचा पत्ताही रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा, कारण देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि ती पाहून लोक बिचकतात. आणि पत्रिका छापणाऱ्याकडून जुन्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवू नका. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत, नसलेली अक्षरे शोधयंत्राला वाचता येत नाहीत. फोनच्या मराठी कीबोर्डवर केलेले टंकलेखन युनिकोडच असते. बोलून लिहिण्याची सोयही तिथेच आहे, आणि तुमच्यासारख्या फोनवर छान बोलणाऱ्या बाईला तीच मानवेल असा माझा अंदाज आहे.

जाऊबाईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. कृती वाचून एखादी स्वतः करू लागेल, आणि त्यांतली एखादी विकूही लागेल. पण पाकाची तार, मंद आच, खसखशीवर किंवा साबुदाण्यावर चमच्याचमच्याने पाक सोडत तासन्‌तास बोटांनी परात चाळवत राहणे, हे लिहून दाखवल्यावर दहापैकी किती जणी करतील? बहुतेक जणी वाचतील आणि मनाशी म्हणतील, हे आपल्याच्याने होणे नाही, आणि मग तुमचा दर त्यांना महाग वाटणार नाही. दर सांगताच "साखरेचे एवढे?" असे म्हणणाऱ्या बाईला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. तरीही सारेच उघडे करायला हवे असे नाही. हलवा कसा होतो, कसा ओळखावा, कसा जपावा हे मोकळेपणाने लिहा. बाजूबंदाचे आणि मुकुटाचे तुमचे साचे, त्यांची मापे, ती हवी तर स्वतःजवळ ठेवा. कायद्याच्या दृष्टीनेही हा भेद उपयोगी आहे: १९५७ चा कॉपीराइट कायदा तुमच्या शब्दांना आणि तुम्ही काढलेल्या फोटोंना संरक्षण देतो, हलवा करण्याच्या पद्धतीला नाही. हाच नियम उलट बाजूने तुम्हालाही लागू आहे. भाच्याने रुखवताच्या लेखात घातलेले दोन फोटो मला तुमच्या घरचे वाटले नाहीत. कुठून तरी उचललेले असतील तर आजच काढून टाका. आणि बोरन्हाणाच्या फोटोत परक्याचे बाळ असेल, तर आईवडिलांची लेखी परवानगी व्हॉट्सॲपवर का होईना, घेऊन ठेवा.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर थोडे रेंगाळते, कारण हलव्याइतकी अवघड वस्तू छायाचित्राला क्वचित असेल. दागिना पांढरा आणि साडी काळी; फोनला समोर बहुतेक काळेच दिसते, त्याला वाटते अंधार आहे, तो सारे चित्र उजळतो, आणि तुमचा कष्टाने आणलेला काटा पांढऱ्या ठिपक्यात विरघळून जातो. फ्लॅश बंद ठेवा. सकाळी खिडकीतून बाजूने येणाऱ्या उजेडात दागिना ठेवा, म्हणजे प्रत्येक काट्याची बारीकशी सावली पडेल. पडद्यावर नेमके हलव्याच्या दाण्यावर बोट टेकवा आणि शेजारी उमटणारे सूर्याचे चिन्ह काटा दिसेपर्यंत खाली ओढा. (दादासाहेब फाळके आपल्याच कलाभवनात छायाचित्रण शिकले, त्यांच्याकडे हे चिन्ह नव्हते, आपल्याकडे आहे.) एक फोटो पूर्ण दागिन्याचा, एक बोटांच्या चिमटीत धरलेल्या चार दाण्यांचा आणि एक मागच्या बाजूच्या गाठींचा घ्या. मागची बाजू दाखवण्याचे धाडस सफाईने काम करणारीच करू शकते आणि जाणकार गिऱ्हाईक तेच पाहते. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवला की पान उघडता उघडत नाही. रुंदी बाराशे ते सोळाशे पिक्सेल करून दोन-अडीचशे केबीपर्यंत आणा. फोटोच्या वर्णनाच्या रकान्यात 'खसखशीच्या हलव्याचा तन्मणी' असे साध्या शब्दांत लिहा, कारण शोधयंत्र आणि दृष्टिहीन वाचक दोघेही तेच वाचतात.

किती लिहावे? दर आठवड्याला एक लेख हा सल्ला तुम्हीही कुठेतरी ऐकला असेल. ज्यांचा धंदाच लिहिण्याचा आहे त्यांना तो ठीक आहे. तुम्हाला वर्षाला दहा-बारा पाने पुष्कळ झाली. मात्र ती वेळेवर हवीत. गूगलला नवे पान सापडून ते वर यायला आठवडे, कधी महिनेही लागतात. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात लिहिलेले पान पुढच्या वर्षीच्या उपयोगाचे. सध्या आषाढ आहे, दमट हवेत परात काढता येत नाही, तेव्हा हाच तुमचा लिहिण्याचा हंगाम. नवरात्रापर्यंत पाने चढवा. डिसेंबरात फक्त ऑर्डरची शेवटची तारीख आणि दर बदला, आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते म्हणून तोवर ते पान जागते ठेवा. दर वर्षी नवे पान करू नका आणि पत्त्यात वर्ष घालू नका. जुन्याच पानात भर घातली की त्याने मिळवलेली जागा टिकते. गूगलचे सर्च कन्सोल मोफत आहे. ते भाच्याकडून जोडून घेतले की लोक नेमके कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते दिसते, आणि वहीला आणखी प्रश्न मिळतात.

पैशांचे थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षी जाहिराती लावू नका, त्यातून चहाचे पैसे निघतील आणि पान विद्रूप होईल. मागणी व्हॉट्सॲपवर घ्या, पण त्यासाठी वेगळा क्रमांक ठेवा आणि घराचा पूर्ण पत्ता संकेतस्थळावर देऊ नका. पुण्या-मुंबईला पाठवणे म्हणजे दुसऱ्या राज्यात विक्री, तिचे जीएसटीचे नियम एकदा कर सल्लागाराला विचारून घ्या. खाण्याचा हलवा किंवा तिळगूळ विकत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणीही लागते.

राहिला नावाचा प्रश्न. शहराचे अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा आहे, आणि आपल्या घरात ते अजून बडोदेच आहे. संकेतस्थळाच्या नावात दोन्ही नकोत. उद्या मुलगी हे काम सुरतेतून किंवा पुण्यातून करू लागली तर नाव अडचणीचे होईल. 'आमच्याविषयी'च्या पानावर मात्र पहिल्या ओळीत बडोदा लिहा, आणि कुरियरच्या सूचनांमध्ये वडोदरा. पहिले शोधणारी तुमची गिऱ्हाईक असते, दुसरे शोधणारा तिचे पार्सल पोहोचवणारा.